मानाप्रमाणे फलंदाजी

भिकू मशालजी नाबाद राहिला आणि नानासाहेबांचा संघ हरला. त्या मोसमात या दोन गोष्टी इतक्या वेळा एकत्र घडल्या होत्या, की पंच संताजीराव आता डाव संपायच्या आतच 'भिकू नाबाद' लिहून मोकळे व्हायचे.

"किती?" नानासाहेबांनी विचारलं.

"भिकू नाबाद नऊ."

"मी संघाचं विचारतोय!"

"संघाचे एक्केचाळीस."

"एक्केचाळीस! अकरा माणसं, आणि एक्केचाळीस! अहो, आमच्या कचेरीत साखरेच्या रांगेत उभी राहणारी माणसं..." पुढे वाक्य कुठे न्यावं ते सुचेना, म्हणून नानासाहेबांनी पगडी काढली, मांडीवर ठेवली आणि परत डोक्यावर चढवली.

समोर भानुमतीबाई आपले पत्ते नीट एकावर एक रचत होत्या. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. वर्गात मुलींना जेवढं बोलायच्या तेवढंच इथे या पुरुषमाणसांना बोलायच्या, आणि त्याच आवाजात. "नानासाहेब, चिडू नका. तुमचे लोक फार सभ्य आहेत. आले, मुजरा केला, गेले."

"बाई, जखमेवर मीठ नको."

"मीठ कुठलं? सेंव-परमल आहे. घ्या." आणि त्यांनी शेव-कुरमुऱ्यांची थाळी पुढे सरकवली.

इंदूरच्या स्नेहलतागंजात, स्टेशनच्या शिट्ट्या ऐकू येतील अशा अंतरावर, शरदचंद्र कोरान्ने यांची भाड्याची माडी होती. दर रविवारी दुपारी तिथे सतरंजीवर क्रिकेट चालायचं. चेंडू नाही, बॅट नाही. सात कवड्या आणि पत्ते. सेक्रेटरिएटात आकडेमोड करून करून शरदचंद्रांच्या डोक्यातून हा खेळ निघाला होता. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एकेका खेळाडूचा पत्ता बनवला होता. पत्त्यावर शून्यापासून सातपर्यंत आठ घरं. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील त्या घरात बघायचं. कुठे एक धाव, कुठे तीन, कुठे चौकार, आणि कुठे तांबड्या शाईत 'बाद'. दोन फलंदाज आळीपाळीने खेळणार, दहा गेले की डाव खलास. खऱ्या खेळाडूंची नावं द्यायची नाहीत हा पक्का नियम होता. पहिल्या वर्षी दिली होती, तर अप्पासाहेब आणि संताजीराव महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

तेव्हा नावं ज्याची त्याने द्यायची. आणि इथेच नानासाहेब फसले.

होळकरांच्या जमान्यात नानासाहेब ढमढेरे हे दरबारी बैठकीचे कारकून होते. कोण गादीच्या उजव्या हाताला, कोण डाव्या, कोण खांबाच्या अलीकडे आणि कोणाला खांबाच्या पलीकडे ढकलायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एखाद्या सरदाराच्या धाकट्या भावाला चुकून दोन हात पुढे बसवलं तर आठ दिवस राजवाड्यात कुजबुज चालायची. नानासाहेबांनी तशी चूक एकदाही होऊ दिली नव्हती. मग संस्थान मध्यभारतात गेलं. दरबारच नाही तर बैठक कोणाची लावणार? नानासाहेबांना पुरवठा खात्यात घातलं. तिथे जो आधी येईल तो पंख्याखाली बसायचा. रोज सकाळी एखादा पोरगेला टंकलेखक हेडक्लार्कच्याही आधी पंख्याखाली बसलेला पाहून नानासाहेब त्याला मनातल्या मनात खांबाच्या पलीकडे ढकलायचे.

मोसमाच्या सुरुवातीला शरदचंद्रांनी सगळे पत्ते पालथे घालून वाटले, तेव्हा नानासाहेबांकडे नावं तयार होती. अकरा मानकरी, अगदी उतरत्या क्रमाने. पहिला पत्ता: सरदार उदाजीराव. दुसरा: पागे बाळोबा, घोड्यांवरचे अधिकारी. मग चिटणीस, मग पोतनीस, असं करत करत अकराव्यावर भिकू मशालजी, दरबारात मशाल धरणारा. पत्ता न उलटता नाव लिहिलं, शाईने लिहिलं, आणि शाईने लिहिलेलं बदलायचं नाही हाही नियमच.

पत्ते उलटले. सरदार उदाजीरावांच्या पत्त्यावर तिनाच्या घरात बाद आणि चाराच्याही घरात बाद.

शरदचंद्र घसा खाकरून म्हणाले होते, "नानासाहेब, सात कवड्या टाकल्या की बहुतेक वेळा तीन नाहीतर चारच उताण्या पडतात. म्हणजे हा गडी..."

"गडी नाही. सरदार."

"म्हणजे हे सरदार जरा लौकर परततील."

"बघू." आणि मशालजीचा पत्ता उलटला तर त्यावर तांबडी शाई फक्त शून्याच्या घरात. बाकी सगळीकडे धावा. असा पत्ता शरदचंद्रांनी अख्ख्या गड्डीत एकच बनवला होता.

"वा भिया!" गिरणीतले अप्पासाहेब ओरडले; कोणालाही भैयाऐवजी 'भिया' म्हणायची त्यांची इंदुरी सवय. "हिरा लागला हाताला! याला पहिला पाठवा, दिवसभर खेळेल."

नानासाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी जोडे घालून देवघरात शिरलं. "मशालजी पहिला? सरदार बसलेले असताना?"

आणि मग मोसमभर तेच. सरदार उदाजीराव पहिले जात, पहिले येत. पागे बाळोबा पाठोपाठ. चिटणीस, पोतनीस, सगळे मानाने जात आणि मानाने परतत, आणि शेवटी भिकू मशालजी येऊन दोन-तीन फेऱ्या खेळतोय तोवर समोरचा कोणीतरी बाद. नाबाद सात. नाबाद बारा. नाबाद नऊ.

"बारात सारी घोड्यावर, आणि नवरदेव मागे पायी," अप्पासाहेब दर रविवारी म्हणायचे. दर रविवारी स्वतःच हसायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एक झंझट होती. जो संघ तळाला जाईल त्याचं विलीनीकरण. शब्द त्यांनी सरकारी कागदांतूनच उचलला होता. संघ बरखास्त, अकरा पत्ते बाकीच्यांत वाटले जाणार, आणि मालकाने पुढच्या वर्षी पंच होऊन कवड्या टाकायच्या. गेल्या वर्षी संताजीरावांचं झालं. कोणी आधी निवडायचं, कोणी नंतर, याची शिस्त तेव्हा सगळ्यांनी मोठ्या विश्वासाने नानासाहेबांकडूनच ठरवून घेतली होती.

आता चार संघ उरले होते. भानुमतीबाई वर, शरदचंद्र त्यांच्या खाली, आणि तळाला अप्पासाहेब आणि नानासाहेब बरोबरीत. शेवटचा सामना या दोघांचा. तोही येत्या रविवारीच, कारण त्याच्या पुढच्या आठवड्यात कचेऱ्या सहामाहीसाठी ग्वाल्हेरला, मध्यभारताच्या दुसऱ्या राजधानीला, निघणार आणि शरदचंद्र फायलींच्या पेट्यांबरोबर जाणार.

"म्हणजे जो हरेल तो गेला," संताजीराव कवड्या बटव्यात भरत म्हणाले.

"तुम्हाला फार आनंद होतोय."

"आनंद नाही हो. सोबत मिळेल म्हणून म्हटलं."

*

रविवारी सकाळी आनंदीबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि नानासाहेब त्यांच्यासमोर पत्ते मांडून, उचलून, परत मांडत होते.

"अहो, भाजीत नका घालू तुमचे सरदार."

"तुला चेष्टा सुचतेय. आज गेला माझा दरबार."

"मागचा गेला तेव्हा निदान जेवत होतात. या वेळी कालपासून ताटावरून उठताय." त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "मला एक सांगा. या अकरा माणसांना मी जेवायला घालत नाही, पण घरात नावं रोज त्यांचीच. उदाजीराव असे, बाळोबा तसे. मग तो भिकू, ज्याच्यामुळे एवढ्या तरी धावा होतात, त्याला पुढे घालायला काय धाड भरली?"

"अगं, दरबारात मशालजी गादीजवळ बसतो का?"

"दरबारात तुम्ही कुठे बसायचात?"

"मी? मी उभा असायचो. मला बैठक नव्हती."

"असू दे. आता मला सांगा, तुमचे हे लोक मैदानात बसायला जातात का चालत जातात?"

"चालत. फलंदाज चालतच जातो."

"मग हा दरबार कसा झाला? ही तर स्वारी झाली." आनंदीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "दसऱ्याची स्वारी मी माहेरच्या खिडकीतून लहानपणापासून बघितली. सगळ्यांत पुढे कोण असायचं? मशाली. मग नगारा, मग उंट, मग घोडे. आणि मोठे लोक? शेवटी. हत्तीवर. त्यांची वाट बघून बघून आमचे पाय दुखायचे."

नानासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पत्त्यांकडे. हात आपोआप चालू लागले: भिकू वर आला, उदाजीराव खाली गेले, बाळोबा त्यांच्या आधी. मोसमभर जे अपमानासारखं वाटलं होतं ते आता अगदी रीतीला धरून होतं. आणि म्हणूनच त्यांना इतका संताप आला की काही विचारू नका.

"हे तू चैत्रात का नाही सांगितलंस?"

"चैत्रात तुम्ही मला विचारलंत?"

"आता सांगून काय उपयोग! सगळा मोसम गेला, हरलो, लोक हसले, तो अप्पा दर रविवारी नवरदेव नवरदेव करतोय, आणि घरात ही..."

"मी पण येते आज," आनंदीबाई उठत म्हणाल्या. "बघते तरी एकदा, तुमचे उदाजीराव दिसतात कसे."

*

माडीवर अप्पासाहेबांचा डाव आधी झाला. एकशे अठ्ठेचाळीस. अप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली, चहा मागवला, आणि आनंदीबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात, बरं झालं. भियाला घरी घेऊन जायला कोणीतरी पाहिजेच होतं."

"आधी खेळू तर द्या, भाऊजी."

नानासाहेबांनी पहिला पत्ता सतरंजीवर ठेवला. भिकू मशालजी.

संताजीरावांनी चष्मा पुसला. शरदचंद्रांनी वाकून नाव वाचलं.

"नानासाहेब, तब्येत ठीक आहे ना?"

"स्वारी निघालीय," नानासाहेब कोरडेपणाने म्हणाले. "टाका कवड्या."

आणि भिकू खेळला. दुसऱ्या टोकाला एकेक जण येई आणि जाई; भिकू हलेना. दोन, तीन, चौकार, परत दोन. मोसमभर नऊ-बारावर अडकलेला माणूस पन्नाशीला पोचला तेव्हा भानुमतीबाईंनी प्रतिस्पर्ध्याच्या फलंदाजासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सहसा स्वतःच्या फलंदाजासाठीही वाजवत नसत.

पण बाकीचे! नानासाहेबांच्या जिवाची नुसती तडफड चालली होती.

"अहो पोतनीस, तिजोरी सांभाळता, विकेट नाही सांभाळता येत? गेले! चिटणीस, तुम्ही तरी! काय बघताय? पत्र लिहायचंय का? तेही गेले. बाळोबा, आता तुमच्यावर आहे हं. घोडा नाही हा, उभं राहायचंय नुसतं, दोन पायांवर उभं... क्या यार! पहिल्याच फेरीत!"

"तुम्ही त्यांना असं टोचून बोलता म्हणून ते घाबरतात," आनंदीबाई म्हणाल्या.

"पुठ्ठ्याचे आहेत ते!"

"मग ओरडता कशाला?"

नऊ गेले होते. धावा एकशे एक्केचाळीस. भिकू एकटा अठ्ठ्याऐंशीवर उभा. जिंकायला आठ हव्या होत्या, आणि हातात एकच पत्ता राहिला होता.

नानासाहेब उठून उभे राहिले. पत्ता दोन्ही हातांनी सतरंजीवर ठेवला. "सरदार उदाजीराव."

अप्पासाहेबांना हसू फुटणार होतं, पण आनंदीबाईही उभ्या राहिल्या, म्हणून तेही गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मग सगळेच उठले. उगीच. मग सगळेच बसले.

संताजीरावांनी कवड्या टाकल्या. दोन उताण्या. एक धाव.

"वाचले," नानासाहेब पुटपुटले.

भिकूची पाळी. तीन धावा. आता चार हव्या होत्या, आणि परत उदाजीराव. त्यांच्या पत्त्यावर पाचाच्या घरात चौकार होता. पत्त्यावरचं काय ते एवढंच वैभव. चाराच्या घरात तांबडी शाई.

कवड्या पडल्या. चार स्वच्छ उताण्या. दोन स्वच्छ पालथ्या. आणि सातवी सतरंजीच्या सुरकुतीला टेकून तिरकी उभी.

"उताणी आहे!" शरदचंद्र म्हणाले.

"पालथी आहे," अप्पासाहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

सगळे सतरंजीवर ओणवे झाले. कवडीचं तोंड भिंतीकडे होतं, ना वर ना खाली. भानुमतीबाई सरळ होत म्हणाल्या, "सुरकुतीचा दोष आहे, खेळाडूचा नाही. सातही कवड्या पुन्हा टाका. काय हो अप्पासाहेब?"

अप्पासाहेबांनी नानासाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड बघवेना. "टाका भिया. माझी काही हरकत नाही. पूरा फेकून घ्या."

संताजीराव कवड्या गोळा करायला वाकले.

"थांबा," नानासाहेब म्हणाले. "नियम काय आहे?"

"तिरकी पडली तर तेवढी एकच पुन्हा टाकायची," संताजीराव म्हणाले. "पण समोरचाच हो म्हणतोय तर..."

"कोणी हो म्हणतंय म्हणून रीत बदलत नाही. एकच टाका."

"अहो!" आनंदीबाईंनी त्यांची बाही धरली. "ते आपणहून देताहेत ना!"

"देताहेत म्हणूनच. एकच टाका, संताजीराव."

संताजीरावांनी एक कवडी उचलली, मुठीत नको तितका वेळ हलवली आणि सोडली. ती एकदा उडाली, गरकन फिरली आणि पालथी पडली.

चार. बाद. संघ तीन धावांनी गेला.

"भिकू नाबाद," संताजीराव हळूच म्हणाले. या वेळी त्यांनी ते आधी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर बोलले नानासाहेबच, आणि तेही ओरडून. "सतरंजी! एवढा मोसम चालला, तुम्हाला एक सतरंजी नीट अंथरता येत नाही, शरदराव? सेक्रेटरिएटात असंच चालतं का? म्हणूनच ग्वाल्हेरला नेतात तुम्हाला अर्धं वर्ष, निदान अर्धं वर्ष तरी इंदूर सुटतं!"

"चूक झाली, नानासाहेब."

"चूक झाली म्हणे! चला. वाटणी करा. बाई पहिल्या, मग शरदराव, मग अप्पासाहेब, परत बाई. मीच ठरवलंय ते, माझं काय तोंड बघताय?"

भानुमतीबाईंनी अर्थातच भिकू मशालजी उचलला. नानासाहेबांनी मान फिरवली, पण राहवलं नाही. "त्याला पहिला पाठवा हं, बाई."

"तुमच्यासारखी मी दसऱ्यापर्यंत थांबणार नाही," त्या म्हणाल्या. आणि मग जरा मऊपणाने, "सांभाळीन."

एकेक पत्ता गेला. चिटणीस शरदचंद्रांकडे, बाळोबा अप्पासाहेबांकडे. संताजीराव नानासाहेबांजवळ सरकून बसले आणि कानात म्हणाले, "पहिले दोन-तीन महिने दुखतं. मग मजा यायला लागते. कोणीही औट होवो, आपल्या बापाचं काय जातंय?"

"गप बसा हो."

शेवटी सतरंजीवर एकच पत्ता राहिला, आणि पाळी शरदचंद्रांची होती. त्यांनी सरदार उदाजीराव उचलले, तिनाचं घर पाहिलं, चाराचं पाहिलं.

"नानासाहेब, राग मानू नका. माझे अकरा आहेतच, वर आजचे तीन आले. याला मी कुठे खेळवू? फाडून टाकतो. नवा बनवून देईन हवा तर."

"हात लावाल तर याद राखा!"

शरदचंद्रांनी पत्ता चटकन सतरंजीवर ठेवला. स्टेशनात एक मालगाडी डबे आपटत उभी राहत होती.

"मग करू काय त्याचं, तुम्हीच सांगा," शरदचंद्र काकुळतीला येऊन म्हणाले. "बैठक लावणारे तुम्ही. कितव्या जागेवर घालू? पहिला घातला तर पहिला औट. शेवटी घातला तर आत्ता बघितलंत."

नानासाहेबांनी पगडी काढली. मांडीवर ठेवली. ते पत्त्याकडे बघत होते, आणि आनंदीबाई त्यांच्याकडे.

"बारावा," ते म्हणाले.

"बारावा? बारावा खेळत नाही. तो पाणी घेऊन जातो."

"मला माहीत आहे."

अप्पासाहेबांचा हात सेंवेच्या थाळीतच राहिला. "सरदार उदाजीराव पाणी नेणार?"

"नेतील!" नानासाहेब त्यांच्यावर खेकसले. "तुम्हाला काय करायचंय? पाणी नेणारा बाद होत नाही."

शरदचंद्रांनी मान हलवली आणि पत्ता सदऱ्याच्या वरच्या खिशात सारला.

"खिशात नाही, शरदराव! खिशात नाही! दुमडेल ना तो!"